चोइजिल गुरुजींची विहीर

देव नाही, हे चोइजिल गुरुजींनी उलानबातर शहरात जितक्या लोकांना पटवून दिलं होतं, तितक्या लोकांना देव आहे हे कुठल्या लामाला पटवता आलं नसेल. दिवसा शाळेत भूगोल, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी कधी लोकरीच्या गिरणीत, कधी बेकरीत, तर कधी इस्पितळाच्या जेवणघरात 'देव ही कल्पना कशी निर्माण झाली' या विषयावर सचित्र व्याख्यान. वीस वर्षं हे चाललं. मग एका हिवाळ्यात चौकात माणसं जमली, सरकार बदललं, मठांची दारं उघडली, आणि ज्या खात्यातर्फे गुरुजी व्याख्यानं देत ते खातं एका सोमवारी जागेवर नव्हतं. खुर्च्यासुद्धा कुणीतरी नेल्या होत्या. गुरुजींनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. भूगोल शाबूत होता. सरकारं येतात नि जातात, डोंगर आपल्या जागी राहतात, असं ते म्हणत.

डोंगर जागेवर राहतात हे खरंच आहे. पुढे जे रामायण घडलं त्यात डोंगराची काडीचीही चूक नव्हती.

त्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी घरात बूझ, म्हणजे मटणाचे उकडलेले मोदकच, चालले होते. गुरुजींची बायको सेर्जमा मटणाचं सारण चिरत होती, आणि गुरुजींच्या आई, पागमाआजी, कणीक लाटून पाऱ्या करत होत्या. गुरुजी समोर बसून पाऱ्या मिटण्याचं काम करत होते. त्यांचे बूझ वाफवताना हटकून उघडायचे, पण घरात त्यांना कुणी तसं बोलून दाखवत नसे.

"चोइजिल," आजी लाटणं खाली ठेवून म्हणाल्या, "एक काम आहे. देव काढून आणायचाय."

"कुठून?"

"जमिनीतून."

गुरुजींच्या हातातला बूझ तिथेच उघडला. आजींनी मग सगळं सांगितलं. त्या लहान होत्या तेव्हाची गोष्ट. मठ पाडायला सुरुवात झाली होती आणि घरात देव सापडला तर माणूस जात होता. त्यांचे वडील तरुणपणी मठात चार अक्षरं शिकून आलेले, म्हणजे त्यांच्यावर डोळा असणारच. एका पहाटे त्यांनी घरातली तारामातेची मूर्ती पेटीत घातली, लेकीला बरोबर घेतलं आणि पेटी पुरून टाकली. 'काळ बरा आला की हिला घरी आण,' म्हणाले. त्याच आठवड्यात दोन घोडेस्वार आले आणि त्यांना घेऊन गेले. ते परत आले नाहीत.

"पंचावन्न वर्षं झाली. मी हे कुणाला बोलले नाही. तुझ्या बापालाही नाही."

"पण मला तरी सांगायचंस, आई!"

"तुला?" आजींनी मुलाकडे नीट बघून घेतलं. "तुझ्या व्याख्यानाचे सदरे मीच इस्त्री करत होते ना रे."

गुरुजींनी उघडलेला बूझ पुन्हा मिटायला घेतला. सेर्जमाबाईंना यावर बोलायला बरंच सुचलं होतं, पण त्यांनी तेवढ्यापुरतं ते कांद्यात चिरून टाकलं.

"माझे गुडघे आता कधी दगा देतील सांगता येत नाही," आजी म्हणाल्या. "तारामाता एकदा या घरात बसलेली बघितली की बापाला तोंड दाखवायला मी मोकळी. दुसरं काही मागणं नाही माझं."

त्यांनी फळीवरच्या पिठात बोट फिरवलं आणि स्वतःच्या पोटाजवळ एक डोंगर काढला. "हा टोपीडोंगर. आमची शरदातली मुक्कामाची जागा त्याच्या पुढे, अशी. आणि उजव्या हाताला हे दोन खडक. एक घोडी नि एक शिंगरू. शिंगराच्या पोटाखाली पेटी."

समोर बसलेल्या गुरुजींना नकाशा उलटा दिसत होता, आणि नकाशा उलटा वाचणं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते उठले, आईच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि खांद्यावरून वाकून बघत म्हणाले, "म्हणजे ईशान्येला."

"ईशान्य-बिशान्य मला कळत नाही. पुढे, उजव्या हाताला."

"तेच ते. नकाशात वर उत्तर असते आई, आणि उजवीकडे पूर्व."

"असेल बाबा. मॉस्कोत असेल."

गुरुजी आणखी समजावणार होते, पण सेर्जमाबाईंनी नकाशावर कणकेचा गोळा आपटला आणि पारी लाटायला घेतली. तो सगळा मुलूख त्या दिवशी बूझमधून घरच्यांच्या पोटात गेला. आजी स्वतः यायला तयार होत्या, पण गुरुजींनी त्यांना बसवून ठेवलं. रस्ते खराब, गुडघे नाजूक, आणि वीसेक वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाला एक डोंगर सापडणार नाही, हे कसं शक्य आहे?

"मात्र कुणाला सांगायचं नाही," आजींनी बजावलं. जी गोष्ट पंचावन्न वर्षं टिकली होती ती सेर्जमाबाईंकडे चहा निवेपर्यंतही टिकली नाही. त्यांनी फक्त शेजारणीला सांगितलं, आणि तेही कानात. संध्याकाळी गुरुजी कचरा टाकायला खाली उतरले तर जिन्यात प्रत्येक मजल्यावर एक सल्ला उभा होता. मंगळवारी खणू नका गुरुजी, मंगळवार केस कापायलाही वाईट. खणताना तोंडात लोखंडी खिळा धरा. पेटी सापडली की आधी तिच्यावर टोपी ठेवा, नाहीतर ती खाली सरकते. तळमजल्यावरच्या निवृत्त कॅप्टनसाहेबांनी सुरुंग शोधायचं यंत्रच आणून दिलं. त्यात बॅटरी नव्हती, पण नुसतं हातात असलं तरी माणसाला धीर येतो असं त्यांचं म्हणणं पडलं.

"काय गुरुजी," वरच्या मजल्यावरच्या मावशी कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "देव नाही म्हणत होता ना? मग आता काय आणायला चाललात?"

"भौगोलिक पाहणी आहे," गुरुजी म्हणाले आणि कचऱ्याची बादली तशीच भरलेली घेऊन वर आले.

जीप शेजारच्या नेरगुईची होती. नेरगुई म्हणजे 'नाव नाही'. आधीची भावंडं जगली नाहीत, तेव्हा आपल्याकडे जसं दगडू, धोंडू ठेवतात तसं दृष्ट लागू नये म्हणून आईबापांनी ते ठेवलं होतं. उपाय चांगलाच लागू पडला. नेरगुईला आयुष्यात दृष्ट लागली नाही, आणि कामाचीही कधी लागण झाली नाही. पेट्रोल त्या दिवसांत कूपनावर होतं. ती कूपनं शेजाऱ्यांनी मोठ्या मनाने दिली, मात्र प्रत्येक कुपनामागे एकेक बोचकं आलं. कुणाच्या भावाला पिठाचं पोतं, कुणाच्या बहिणीला शिवणयंत्र, कुणाच्या भाच्याला बाबागाडी, आणि वरच्या मजल्यावरच्या मावशी स्वतः. त्यांना माहेरी सोडायचं होतं. माहेर वाटेवर आहे असं त्या म्हणाल्या होत्या. ते वाटेवरच होतं, पण दुसऱ्या वाटेवर.

अखेर गुरुजी टोपीडोंगराच्या तालुक्याला पोचले तेव्हा त्यांच्या कपड्यांना पीठ लागलं होतं आणि मांडीवर सुरुंगाचं यंत्र होतं. कायदा पाळणारा माणूस, त्यामुळे खणण्याआधी परवानगी काढायला ते थेट तालुका कचेरीत गेले. तिथे बाल्दान नावाचे साहेब होते. शिक्का त्यांच्याकडे होता, पण शाई वाळलेली होती, म्हणून ते त्यात चहाचे थेंब टाकत बसले होते.

"खणायचंय? कशासाठी?"

गुरुजी घुटमळले. कुणाला सांगायचं नाही असा आईचा हुकूम होता. शिवाय 'देव काढायचाय' हे वाक्य त्यांच्या तोंडून सरकारी कचेरीत निघणं कठीण होतं. वीस वर्षांची जीभ अशी एकदम वळत नाही.

"आमच्याकडे चारच कारणं आहेत," साहेब म्हणाले. "बटाटे, खांब, संडास, विहीर. यांतलं कुठलं?"

बटाट्याचा हंगाम गेलेला. खांब बरोबर नव्हता. संडास म्हणायचं तर शिक्षकी पेशाची अब्रू आड येत होती.

"विहीर," गुरुजी म्हणाले आणि भिंतीवरच्या नकाशात टोपीडोंगराच्या ईशान्येला बोट ठेवलं.

बाल्दान साहेब खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी गुरुजींचा हात दोन्ही हातांत धरला. "अखेर पाठवलं म्हणायचं राजधानीनं! किती वर्षं अर्ज करतोय आम्ही! आणि डोंगराच्या मागच्या अंगाला? वा, वा! तिथंच तर पाण्याची बोंब आहे!"

"नाही, म्हणजे मी तसा..." गुरुजींनी तोंड उघडलं, पण तोवर शिक्का बसला होता. चहाचा असला तरी तो सरकारीच होता.

बाहेर आल्यावर नेरगुई स्टिअरिंगवर डोकं टेकून खूप वेळ हसला. "गुरुजी, देव काढायला आलात आणि विहीर काढणार!"

"तात्पुरतं आहे हे," गुरुजी म्हणाले.

टोपीडोंगराच्या ईशान्येला त्यांना दोन खडक लगेच सापडले. त्या मुलखात खडकांना तोटा नाही. मान डावीकडे कलती केली तर त्यातला एक घोडीसारखा दिसे, आणि एक डोळा मिटला तर दुसरा शिंगरासारखा. गुरुजींनी दोन्ही केलं आणि जागा पक्की झाली. जवळच एक गेर होता, पांढऱ्या नमद्याचा गोल तंबू, धुरांड्यातून धूर येणारा. "कुत्रं धरा!" अशी पाहुण्याने द्यायची तिथली रीतीची आरोळी देत दोघं गेले. दार उघडून शगदर नावाचे म्हातारे गुराखी आले. त्यांनी तपकिरीची कुपी पुढे केली, खारा चहा दिला, गुरं बरी आहेत ना, घोडे लठ्ठ आहेत ना, वाटेत पाऊस होता का, हे सगळं रीतसर विचारून झालं, आणि मगच कामाचं निघालं.

"विहीर?" शगदरआजोबांचे डोळे चमकले. "करा गुरुजी, नक्की करा. पण जमीन अशी उगाच उकरायची नसते. तिचे मालक असतात. आधी दूध शिंपडा."

"मालक म्हणजे? सरकार?"

"सरकार कालचं. हे आधीचे."

झालं. ज्या गृहस्थाने गिरणीतल्या बायांना 'जमिनीचे मालक' ही कशी भाबडी कल्पना आहे ते रंगीत चित्रांसकट समजावलं होतं, तो आता हातात पळी घेऊन उभा राहिला आणि आकाशाकडे बघून दूध उडवू लागला. पहिली पळी वाऱ्याने परत त्यांच्याच चष्म्यावर आणून टाकली.

"चारी दिशांना शिंपडा," नेरगुई जीपच्या टपावर बसून म्हणाला. "दिशा तुम्हाला ठाऊक असतीलच."

पहिला खड्डा गुडघाभर झाला. एक घोड्याचा नाल निघाला. गुरुजी थांबले, कारण पेटी यापेक्षा खोल असणार नाही असं आई म्हणाली होती. शगदरआजोबा काठावर उभे राहून विचारात पडले.

"गुरुजी, शहरात पाणी गुडघ्याएवढ्यावर लागतं का हो?"

"ही पाहणी आहे," गुरुजी म्हणाले. "आधी वरून बघायचं असतं."

जमीन उघडी टाकून जायची नाही, ही तिथली रीत. म्हणून पहिला खड्डा बुजवायचा, माफी मागायची, मग दुसऱ्यासाठी पुन्हा दूध. दुसऱ्या खड्ड्यात एक तळ गेलेली किटली निघाली. ती कुणाची यावरून दोन कुटुंबांत वाद लागला, कारण एव्हाना आसपासच्या गेरांमधली माणसं जमली होती. सरकारने विहिरीचा माणूस पाठवलाय ही बातमी घोड्यावरून गेली होती. बायका ऐराग, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, घेऊन आल्या. पुरुष फावडी घेऊन आले. एकाने तर तहानलेल्या मेंढ्यांचा कळपच हाकून आणला. उशिरा आलो असं नको व्हायला, म्हणाला.

आता एवढ्या माणसांदेखत गुडघ्याशी थांबणं शक्य नव्हतं. तिसरा खड्डा शिंगराच्या पोटाखाली, अगदी मोक्याच्या जागी होता. गुरुजी म्हणाले, "हळू, हळू, काही कठीण लागलं तर मला हाक मारा." लोकांना वाटलं, काय काळजी आहे या माणसाला जमिनीची! कंबर झाली, छाती झाली, डोकं दिसेनासं झालं. गुरुजी खड्ड्याच्या काठावर पालथे पडून आत बघत होते आणि मनात म्हणत होते, पेटी नाही, पेटी नाही, आता आईला काय तोंड दाखवू. त्यांना खरोखर रडू येत होतं. पंचावन्न वर्षं जिने तोंड मिटून ठेवलं तिने शेवटी आपल्यावर विश्वास टाकला आणि आपण रिकाम्या हाताने परत जायचं?

तेवढ्यात खालून आवाज आला, "ओलं लागतंय!"

आणि पाणी आलं. आधी चिखल, मग गढूळ, मग डोळ्यासारखं स्वच्छ. मेंढ्या वेड्या झाल्या, माणसं त्यांच्याहून वेडी झाली. शगदरआजोबांनी गुरुजींच्या दोन्ही गालांचा वास घेतला, जसा घरच्या पोराचा घेतात. बायकांनी गाणं धरलं. मेंढा पडला आणि त्याच्या शेपटीच्या चरबीचा मानाचा गोळा गुरुजींपुढे आला. पित्ताचा माणूस, पण मान नाकारता येत नाही. गुरुजींनी तो डोळे मिटून गिळला.

"नुसतं बघून सांगितलं हो!" आजोबा येईल त्याला सांगू लागले. "दोनदा चाचपलं, बुजवलं, आणि तिसऱ्यांदा बरोब्बर! एक डोळा मिटला, मान अशी कलती केली. मी बघितलं ना!"

"अंगात येतं का यांच्या?" एक बाई हळूच विचारती झाली.

"येत असणार."

"काही येत नाही!" गुरुजी ओरडले. "हा भूगर्भातील जलसाठ्याचा निव्वळ योगायोग आहे!"

"बघा, मोठी माणसं असंच म्हणतात," ती बाई म्हणाली.

पलीकडच्या खोऱ्यातून लोक घोडे घेऊन आले. आमच्याकडेही डोळा मिटा म्हणाले. गुरुजी नकाराची जेवढी कारणं देत तेवढी त्यांची कीर्ती वाढत होती. रोज एका गेरमध्ये जेवण, रोज चरबी, आणि पेटीचा पत्ता नाही. आईला काय कळवायचं या विचाराने त्यांनी काहीच कळवलं नव्हतं. ते काम बाल्दान साहेबांनी केलं. त्यांनी गुरुजींच्या शाळेला अभिनंदनाची तार ठोकली. सुट्टी असूनही मुख्याध्यापक ती तार घेऊन गुरुजींच्या घरी गेले, सेर्जमाबाईंशी हस्तांदोलन केलं आणि तार मोठ्याने वाचून दाखवली.

"विहीर?" पागमाआजी म्हणाल्या. "मी त्याला तारामाता आणायला पाठवलंय."

दुसऱ्या दिवशी त्या लोकर न्यायला निघालेल्या एका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. सेर्जमाबाईंनी गुडघ्यांची आठवण करून दिली तेव्हा म्हणाल्या, "गुडघे माझे आहेत, त्यांना मी सांगते."

ट्रक टोपीडोंगराच्या मागे येऊन थांबला तेव्हा गुरुजी हंड्यातली चरबी चुकवायच्या खटपटीत होते. आई उतरताना दिसली आणि चुकवायचं विसरून त्यांनी चरबी गिळून टाकली. आजी मात्र घाईत नव्हत्या. त्यांनी शगदरआजोबांशी रीतसर कुपी बदलली, गुरांची चौकशी केली, विहिरीपाशी गेल्या, ओंजळभर पाणी प्यायल्या.

"पाणी गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण चोइजिल, तू डोंगराच्या पाठीला काय करतोयस?"

"तू सांगितलंस तिथेच आहे मी, आई! डोंगराच्या पुढे, उजव्या हाताला."

मग शगदरआजोबांच्या दाढीतून एक बारीक आवाज निघाला, आणि बघता बघता सगळी माणसं हसू लागली. कुणी खोगिराला धरून, कुणी जमिनीवर बसून. मेंढरं दचकून लांब गेली.

आता यात चुकायला खरं म्हणजे जागाच नाही. गेरचं दार दक्षिणेला असतं. माणूस दाराकडे तोंड करून बसतो. त्यामुळे पुढे म्हणजे दक्षिण, मागे म्हणजे उत्तर, आणि उजवा हात म्हणजे पश्चिम. उजवं आणि पश्चिम यांना तिथे शब्दच एक आहे. हे पाळण्यातल्या पोराला कळतं, घोड्याला कळतं. चुकायचं तर त्यासाठी भूगोलच शिकावा लागतो. आणि त्या रविवारी गुरुजी आईच्या समोर गप्प बसून राहिले असते तरी नकाशा त्यांना बरोबर दिसला असता. तो सरळ वाचायला ते उठले, आणि ईशान्येला येऊन पोचले.

"मॉस्कोत असेल, म्हटलं होतं मी," आजी म्हणाल्या. "चल आता."

सगळं खोरंच त्यांच्यामागे निघालं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. काय काढायचंय हे आजींनी चालता चालता मोकळ्या गळ्याने सांगितलं. कुणी चकित झालं नाही. शगदरआजोबा एवढंच म्हणाले, "आमचा त्या घळीत आहे. माझ्या चुलत्यानं ठेवला. मीसुद्धा कुणाला बोललो नव्हतो हो." मग आणखी एकजण म्हणाला, आमचा गुहेत. एक बाई म्हणाली, आमचा कुठे ते सांगायच्या आत म्हातारी गेली. आयुष्यभर शेजारी राहिलेली माणसं एकमेकांकडे नव्याने बघू लागली.

डोंगराच्या दक्षिणेला, पश्चिमेच्या अंगाला दोन खडक उभे होते. मान कलती करायची गरज नव्हती. घोडी आणि शिंगरू, नाकाडासकट. पागमाआजी शिंगरापाशी गेल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"लहान झालं हे," त्या म्हणाल्या.

दूध त्यांनी स्वतः शिंपडलं. खणायला मात्र गुरुजींनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. फावडं टाकून ते हातांनी माती काढू लागले. गुडघाभर खोलीवर कातड्यात गुंडाळलेली पेटी लागली. कातडं काळं पडलं होतं, आतली पेटी कोरडी होती. गुरुजींनी ती आईच्या मांडीवर ठेवली. नेरगुईने कारण नसताना जीपचा भोंगा वाजवला.

आजींनी पेटीला कपाळ लावलं आणि तशाच बसून राहिल्या.

"उघड की, आई."

"उघडता येत नाही," त्या म्हणाल्या. "बाबांनी सांगितलं होतं, आधी तारामातेचं स्तोत्र म्हणायचं, मग झाकण उचलायचं. मला तेव्हा सगळं यायचं. रोज मनातल्या मनात म्हणायचे. मग मनातल्या मनात म्हणायचीसुद्धा भीती वाटायला लागली. आणि मग एक दिवस बघते तर गेलेलं होतं." त्यांनी झाकणावरून बोटं फिरवली. "वाटलं होतं, पेटीला हात लागला की आठवेल. नाही आठवत रे."

लोकांनी आपापल्या आठवणी चाचपल्या. शगदरआजोबांना पहिली ओळ येत होती. एका बाईला शेवटची, पण ती कदाचित दुसऱ्याच स्तोत्राची असावी. मधलं कुणालाच येत नव्हतं. जिल्ह्याच्या गावी एक लामा होते, पण त्यांना मोठी मागणी, ते पुढच्या वर्षी भेटले तर भेटले.

"राहू दे," आजी म्हणाल्या. "बंदच नेऊ. घरी तरी येईल." हे त्या हसून म्हणाल्या, पण गुरुजींना आईचा चेहरा बघवेना.

गुरुजी खाकरले.

"मला येतं," ते म्हणाले.

"काय येतं?"

"स्तोत्र. एकवीस कडवी. सगळं."

नेरगुई जीपमधून खाली उतरला. "तुम्हाला, गुरुजी?"

"व्याख्यानात म्हणून दाखवायचो," गुरुजी मातीकडे बघत म्हणाले. "न समजणाऱ्या भाषेत लोक कसं घोकतात, त्याचा नमुना म्हणून. एका म्हाताऱ्याकडून पाठ करून घेतलं होतं. शेवटपर्यंत म्हटलं की टाळ्या पडायच्या."

आजींनी फक्त शेजारची जागा हाताने साफ केली आणि गुरुजी तिथे बसले. डोक्यावरची टोपी नीट केली आणि सुरुवात केली. आवाज आपोआप व्याख्यानाचाच लागला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. गिरणीत म्हणायचे तस्सा, तोच चढ, तोच उतार. माणसं एकेक करून टोप्या सारख्या करत गुडघ्यांवर बसली. पहिलं कडवं झालं, दुसरं, तिसरं. पाचव्याच्या शेवटी गुरुजी थांबले. ती सवय होती. तिथला शब्द जरा मजेशीर होता आणि गिरणीतल्या पोरी तिथे हमखास हसायच्या. त्या हसण्यासाठी ते वीस वर्षं तिथे थांबत आले होते.

इथे कुणी हसलं नाही. नुसतं गवत वाऱ्यावर सळसळलं. आणि त्या थांबण्यात पागमाआजींच्या तोंडून पुढची ओळ आली.

त्या स्वतःच दचकल्या. गुरुजींनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, पुढची म्हटली, त्याच्या पुढची म्हटली, आणि मग मायलेक दोघं मिळून म्हणू लागले. आजींचा आवाज आधी म्हातारीचा होता. शेवटच्या कडव्यांना तो लहान मुलीसारखा भरभर धावायला लागला आणि गुरुजींना त्यांच्याबरोबर राहताना धाप लागली. स्तोत्र संपलं तेव्हा गुरुजींच्या चष्म्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि या खेपेला वर दूध नव्हतं.

आजींनी पदराने नव्हे, बाहीनेच डोळे पुसले आणि पेटीवर हात ठेवून मुलाकडे बघितलं.

"तिसऱ्या कडव्यात चुकलास."

"काय?"

"दोन शब्द उलटे म्हणालास. वीस वर्षं असंच म्हणत होतास?"

"असेन."

"बाकीचं जाऊ दे रे," पागमाआजी म्हणाल्या, "पण पोरीबाळींना ऐकवायचंच होतं, तर धड तरी ऐकवायचंस." आणि त्यांनी झाकण उचललं.